दुभाष्याचा होकार

बुवांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि सभामंडपातल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळला होता. पेटीवर बसलेल्या त्यांच्या मुलीला मात्र तो कळेना.

मिरजेतल्या राममंदिरात नवमीचा उत्सव चालू होता. ह.भ.प. त्र्यंबकबुवा बेडगकर चाकांच्या खुर्चीत बसून कीर्तन करत होते. एकेकाळी हा माणूस पांढरा अंगरखा, लाल पगडी, गळ्यात उपरणं अशा थाटात नारदाच्या गादीवर उभा राहिला, चिपळ्या वाजवत दोन पावलं पुढे आला, की मागच्या भिंतीला टेकून पेंगणारासुद्धा सावरून बसायचा. आताही पगडी तीच होती, पण पगडीखालचं काहीच हलत नव्हतं. ना मान, ना हात, ना ओठ. गळ्यातल्या पट्ट्यावर सुपारीएवढा स्पीकर होता. त्यातून येणारा आवाज मात्र बुवांचाच होता. तोच खर्ज, वाक्य संपताना शेवटच्या शब्दाला मारलेली तीच हलकी चापट.

केवटाचं आख्यान रंगात आलं होतं. पाय धुतल्याशिवाय रामाला नावेत घेणार नाही म्हणून हटून बसलेला नावाडी, गालात हसणारी सीता, अवघडलेला लक्ष्मण. आवाजानं पदाची अर्धी ओळ सोडली, शर्वाणीनं ती पेटीवर झेलून पुरी केली, आणि रज्जाकभाईंच्या तबल्यानं तिला अलगद समेवर आणून ठेवलं. लहानपणापासून ती हेच करत आली होती. आप्पांनी ओळ अर्धी टाकायची, हिनं ती उचलायची.

"बघा कसे पाझरतायत," पुढच्या रांगेतल्या काकू डोळे पुसत शेजारणीला म्हणाल्या. "भाव लागतो तो असा."

आरती झाली. माणसं पाया पडायला रांगेनं येऊ लागली. रज्जाकभाई कपाळ पुसत म्हणाले, "बुवा, आज पळवलंत हो मला! आजारी तुम्ही, आणि घाम आमाला!"

"तबलजीला घाम फुटल्याशिवाय देवाला गारवा लागत नाही, रज्जाकभाई," स्पीकर म्हणाला. मंडपात हशा पिकला.

रांगेत डॉक्टर मगदूम होत्या. सायली मगदूम, मिरजेच्याच मोठ्या इस्पितळातल्या मेंदूच्या सर्जन, बुवांच्या डोक्यात तारा बसवणाऱ्या. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि हात जोडूनच विचारलं, "बुवा, येत्या गुरुवारी ऑपरेशन. तयारी आहे ना मनाची?"

"करा, डॉक्टर. रामाचं नाव घ्या आणि करा."

टाळ्या पडल्या. डॉक्टरांचे डोळे भरून आले. शर्वाणी आप्पांचा चेहरा पुसायला वाकली होती, म्हणून फक्त तिला दिसलं. आप्पांची बुबुळं वर, थेट मंडपाच्या छताकडे गेली आणि तिथेच थांबली.

बोलणं गेलं होतं त्या दिवसांत वर बघणं म्हणजे 'नाही' असायचं.

*

बोलणं गेलं ते मेंदूच्या देठात गुठळी अडकली म्हणून. माणूस आत पूर्ण शाबूत. सगळं ऐकतोय, सगळं समजतोय, पण मानेखाली आणि तोंडात जाणारी वाट बंद. उरले फक्त डोळे. मग घरच्यांनी खूण ठरवली. डोळे मिटले की हो, वर बघितलं की नाही. शर्वाणी शाळेत गाणं शिकवून घरी आली की आप्पांसमोर स्टूल ओढून बसायची आणि एकेक प्रश्न विचारायची. उकड करू? रेडिओ लावू? आईची आठवण येतेय? प्रत्येक उत्तरासाठी त्यांच्या डोळ्यांत बघत राहावं लागे. त्या दिवसांत बापलेकींनी एकमेकांकडे जेवढं बघितलं, तेवढं त्याआधीच्या उभ्या आयुष्यात बघितलं नसेल.

मग एका परदेशी कंपनीचं यंत्र मिळालं. मेंदूत तारा, कानामागे काड्यापेटीएवढी डबी, आणि डबीत 'वाचा' नावाचा प्रोग्रॅम. आप्पा पुन्हा बोलू लागले. सावकाश, थांबत थांबत. "शरू... मीठ... कमी," हे पहिलं वाक्य होतं, आणि ते ऐकून ती स्वयंपाकघरात जाऊन रडली होती.

पुढे कंपनी बुडाली आणि काही दिवसांनी डबीही बंद पडली. 'वाचा' तर त्या डबीखेरीज दुसरीकडे चालणाराच नव्हता. अशा अडकलेल्या माणसांसाठी जगभरच्या हौशी लोकांनी मिळून एक फुकट सोय लिहिली होती. सगळे तिला 'दुभाष्या' म्हणत. शर्वाणीचा धाकटा भाऊ निरंजन कोल्हापुरात सॉफ्टवेअरचं काम करायचा. त्यानं दुभाष्या साध्या फोनवर चढवला, दुभाष्यावर 'वाचा' चढवला, डोक्यातल्या तारा फोनला जोडल्या आणि इस्पितळाला दाखवायला नेलं.

आता चाचणी काय घ्यायची? डॉक्टर म्हणाल्या, "यांच्या अगदी ओळखीचं काहीतरी बोलायला सांगा." कीर्तनकाराच्या घरातली माणसं. त्यांना दुसरं काय सुचणार? शर्वाणीनं पेटी उघडली. फोनमधून नमन आलं, पूर्वरंग आला, निरूपण आलं. एक अडखळ नाही, एक शब्द इकडचा तिकडे नाही. वॉर्डातले लोक दारात गोळा झाले. निरंजन भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होता. डॉक्टरांनी तिथल्या तिथे मान्यता दिली.

हजार वेळा केलेलं कीर्तन बिनचूक आलं. मीठ कमी आहे का, हे कुणी विचारलंच नाही. आणि घरात असा खणखणीत आवाज आल्यावर डोळ्यांकडे कोण बघतं?

*

नवमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वाणी आप्पांना पेज भरवत होती. घशातून चमचा चमचा उतरत होता.

"गोड झालीय का फार?" तिनं विचारलं.

"तुझ्या हातचं विषही गोड लागेल गं," स्पीकर म्हणाला. हे वाक्य सुदाम्याच्या आख्यानात पोह्यांच्या वेळी यायचं. ती हसली, आणि हसता हसता तिचं लक्ष गेलं. आप्पांचे डोळे मिटले होते. मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

हो. गोड झालीय. फार.

तिनं वाटी खाली ठेवली. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि पूर्वीसारखी समोर बसली.

"आप्पा, काल डॉक्टरांना 'करा' म्हणालात. ते तुम्ही म्हणालात?"

"अगं, गादीवर बसल्यावर बोलणारे आपण कोण? तो बोलवतो, आपण बोलतो."

हे तर ते पूर्वीपासूनच म्हणायचे. प्रत्येक कीर्तनात म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे. त्यांचे डोळे मात्र वर गेले होते.

"आत्ता हे बोललात ते?"

"वेडी आहेस."

डोळे वर.

"नवमीच्या कीर्तनातलं?"

"रामानं करवून घेतलं."

डोळे वरच होते. मग ते खाली आले, तिच्यावर स्थिरावले, आणि पाण्यानं भरले. आवाज तेवढ्यात प्रसन्नपणे म्हणाला, "पेज गार होतेय, शरू."

बाहेर नळाला पाणी आलं होतं, बादलीत पडत होतं. तिनं निरंजनला फोन लावला.

*

निरंजन दुपारीच कोल्हापुराहून आला. जेवला नाही. फोनला लॅपटॉप जोडून बसला. शर्वाणी दारात उभी होती. नकळत यशोदेचं पद गुणगुणत होती. आतल्या खोलीतून आवाजही तेच गुणगुणत होता.

"सापडलं?" तिनं विचारलं.

"ताई, बस जरा. तुला आपल्या भाषेत सांगतो." त्यानं चष्मा काढला. "प्रोग्रॅम कधी एकटा काम करत नाही. आप्पा कसे अर्धी ओळ टाकायचे आणि तू उचलायचीस, तसं ते असतं. प्रोग्रॅम अर्धी ओळ टाकतो. फाईल उघड, वेळ सांग, आवाज काढ. खालची मूळ प्रणाली ती ओळ पुरी करते. 'वाचा' त्या डबीच्या साथीला सरावलेला. फोनची साथ निराळी, इथे त्याच गोष्टींना नावं वेगळी, रीत वेगळी. म्हणून मधे दुभाष्या बसतो. वरून आलेली ओळ ऐकतो, फोनच्या रीतीनं खाली सांगतो, उत्तर पुन्हा वर पोचवतो."

"हे तू तेव्हाही सांगितलं होतंस."

"हो. पण वरून अशी ओळ आली, की जिचं खाली काहीच नाही, तर?" त्यानं फोनकडे बोट दाखवलं. "दुभाष्या गप्प राहिला तर वरचा प्रोग्रॅम अडकून पडतो. म्हणून दुभाष्या लिहिणाऱ्यांनी सरसकट ठरवून ठेवलंय. काही नसेल तर 'झालं' म्हणायचं. 'हो' म्हणायचं. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. डबीवरचा दिवा लागला का? हो. डबीत दिवाच नसला तरी हो."

"मग आप्पांचं काय बिघडलं?"

"डबीत एक वेगळी चिप होती, ताई. मेंदूत मनात आलेलं एका जागी उमटतं, आणि हे बोलायचंच असं ठरवलेलं दुसऱ्या जागी. तारा शब्दांची चाहूल टिपायच्या, 'वाचा' त्यावरून अंदाजानं वाक्य जुळवायचा, आणि तोंडाबाहेर काढण्याआधी दर वेळी त्या चिपला विचारायचा, 'हे यांना म्हणायचंय का?' तिचा होकार आला तरच आवाज. म्हणून तेव्हा ते थांबत थांबत बोलायचे. फोनमध्ये ती चिप नाही."

शर्वाणीला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"'वाचा' अजूनही प्रत्येक वाक्याआधी विचारतो. दुभाष्या प्रत्येक वेळी 'हो' म्हणतो." निरंजननं चष्मा बाजूला ठेवला. "आणि होकार मिळाला की 'वाचा' शिकतो, आपला अंदाज बरोबर होता म्हणून. पुढच्या वेळी आणखी कमी चाहुलीवर आणखी मोठं वाक्य ठोकतो. आता तो आप्पांचं जवळजवळ ऐकतच नाही. जुनी कीर्तनं आणि समोर काय चाललंय, एवढ्यावर भागवतो."

"मग बंद कर ना! आत्ताच्या आत्ता!"

"इस्पितळाचं सील आहे त्याला. तोडलं तर त्यांना तिथे कळतं, आणि तारांतला प्रवाह एकदम थांबला तर आप्पांना फिट येईल. शिवाय कायदा आहे. रुग्णाचा आवाज घरच्यांनी बंद करायचा नाही. अपंग म्हाताऱ्यांना गप्प करून जमिनी लाटत होते लोक, म्हणून झालेला कायदा. चांगलाच आहे गं तो."

"नुसता स्पीकर तरी?"

"बाहेरचा होईल. आतला नाही. आपला आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून तो कवटीच्या हाडातून त्यांना आतही ऐकवतात. तो चालूच राहणार."

आतून आवाज आला, "निरू आलाय का रे? जेवलास का?"

निरंजननं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

*

दुसऱ्या दिवशी दोघं आप्पांना घेऊन इस्पितळात गेले. डॉक्टर मगदूम यांनी सगळं शांतपणे ऐकलं. वाईट बाई नव्हती ती. वडिलांच्या बोटाला धरून बुवांच्या कीर्तनाला यायची, ते तिनंच शर्वाणीला सांगितलं होतं.

"निरंजन म्हणतात ते खरं असेलही," त्या म्हणाल्या. "मी अहवाल वर पाठवते. त्याचा निकाल यायला महिने जातील. पण मला एक सांगा. बुवांच्या मनाविरुद्ध चाललं असेल तर ते मला 'थांबवा' का म्हणत नाहीत?"

"म्हणताच येत नाही त्यांना, डॉक्टर! तेच तर सांगतेय. डोळे बघा त्यांचे. वर म्हणजे नाही. मिटले म्हणजे हो."

डॉक्टर खुर्ची सरकवून आप्पांसमोर बसल्या. "बुवा, तुम्ही मुद्दाम वर बघता का?"

आप्पांनी डोळे मिटले, घट्ट.

"अहो डॉक्टर, तो वर बसलाय ना," आवाज म्हणाला. "या वयात नजर तिकडे नाही जायची तर कुठे जायची?"

दारातली नर्स फिस्सकन हसली. डॉक्टरही हसल्या, आणि हसत असताना मिटलेले डोळे त्यांच्या नजरेतून निसटले.

"शर्वाणीताई, नजर अशी भिरभिरणं या आजारात असतंच. खरं तर म्हणूनच हे ऑपरेशन. नव्या तारा खोल जातात. उजवा हात चालेल, चिपळ्या धरतील. मान वळेल. आणि डोळेही 'वाचा'च्या ताब्यात येतील. ज्याच्याशी बोलतील त्याच्याकडे बघतील. श्रोत्यांना काय वाटेल, विचार करा!"

शर्वाणीनं आप्पांकडे बघितलं. खुर्चीत बसलेल्या त्या माणसाजवळ स्वतःचं म्हणून एवढंच उरलं होतं, आणि येत्या गुरुवारी तेही जाणार होतं.

"नको," ती म्हणाली. "ऑपरेशन नको. आणि हा आवाजही काढून टाका. मी लेखी देते."

"तुमचं लेखी चालत नाही, त्यांचं तोंडी चालतं." डॉक्टरांच्या बोलण्यात तिरस्कार नव्हता, उलट कणव होती. मुलीला भीती वाटतेय असंच त्यांना वाटत होतं. "बुधवारी कॅमेऱ्यासमोर त्यांची संमती नोंदवायची आहे. तुमचे दोन्ही मुद्दे मी तिथेच, नियमाप्रमाणे एकाच बैठकीत, त्यांना विचारते. त्यांनी 'नको' म्हटलं तर त्या क्षणी थांबवते. माझा शब्द. पण जे सांगतील ते मग वर्षभर बदलता येणार नाही, हेही लक्षात घ्या."

तिघं रिक्षानं परतले. घराजवळ आल्यावर निरंजन एकदम म्हणाला, "ताई, तो आप्पांचं ऐकत नाही. पण तुझी पेटी ऐकतो."

"म्हणजे?"

"तू जे आख्यान छेडशील त्यात तो शिरतो. आणि आख्यानात शिरला की समोरच्या प्रश्नालाही त्यातल्याच माणसासारखं उत्तर देतो. काल मी जेवलो का विचारलं ते आठव, तू त्याआधी यशोदेचं पद गुणगुणत होतीस. असं कुठलं आख्यान आहे, की ज्यात माणूस 'नाही' म्हणतो, आणि म्हणतच राहतो?"

कीर्तनकाराच्या मुलीला विचार करावा लागला नाही. "प्रल्हाद."

घरी आल्यावर ती आप्पांसमोर स्टुलावर बसली. तिनं सगळं सांगितलं. पहिल्या प्रश्नाला प्रल्हाद. बाप म्हणतो हरीचं नाव सोड, पोर म्हणतो नाही. दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे आवाज काढू का या प्रश्नाला, बळीराजा. मागेल ते देणारा, 'घे, हेही घे' म्हणणारा.

"म्हणजे मीही तुमच्या तोंडी शब्द घालणार, आप्पा. त्या यंत्रासारखेच. चालेल तुम्हाला?"

"माझी शरू करेल ते सोनं," आवाज म्हणाला. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. आप्पांनी डोळे मिटले, आणि खूप वेळ उघडले नाहीत.

*

बुधवारी इस्पितळाच्या छोट्या सभागृहात कॅमेरा लावला होता. डॉक्टर मगदूम, त्यांचे दोन सहकारी, मागे उभ्या काही नर्सा. बुवांना बरं वाटावं म्हणून पेटी-तबल्याला परवानगी मिळाली होती. रज्जाकभाईंना दोघा भावंडांनी खरं कारण सांगितलं नव्हतं. गेली चाळीसएक वर्षं साथ केलेल्या माणसाला कसं सांगायचं, की नवमीला तुम्ही एका फोनला साथ केलीत?

"दवाखान्यात कीर्तन!" तबला लावता लावता ते पुटपुटले. "बुवा, आता यमाला पण चुकवलंत तुमी. तो आला तर दारात चप्पल काढून बसंल ऐकायला."

शर्वाणीनं भूप छेडला. प्रल्हादाच्या आख्यानाला आप्पा भूपातूनच जायचे. तिनं स्वतःच पद म्हटलं, बापाच्या दरबारात उभ्या असलेल्या पोराचं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ओळ तिनं अर्धी टाकली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग स्पीकर कडाडला, "ऐका! पाच वर्षांचं पोर ते! समोर कोण? तिन्ही लोक ज्याला थरथर कापतात तो! आणि पोर काय म्हणतं?"

निरंजननं डॉक्टरांना खूण केली. डॉक्टर कॅमेऱ्याकडे बघून स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "बुवा, उद्याचं ऑपरेशन करायचं का?"

"नाही!"

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "नक्की? हात चालेल, डोळे स्थिर होतील..."

"राज्य देतो म्हणालात तरी नाही! कड्यावरून लोटलंत तरी नाही!"

शर्वाणीनं आप्पांकडे बघितलं. बुबुळं वर होती. तिच्या छातीवरचा दगड हलला. डॉक्टरांचा चेहरा पडला होता, पण दिलेला शब्द त्यांनी पाळला. "नोंद करा. रुग्णाचा नकार. ऑपरेशन रद्द."

"आमचे बुवा म्हंजे वाघ!" रज्जाकभाई खूष होऊन म्हणाले.

आता बळी. शर्वाणीनं भूप सोडला, देस धरला. 'मागा वामना, मागा' या अर्थाचं आप्पांचंच जुनं पद होतं, ते तिनं सुरू केलं आणि ओळ अर्धी सोडली.

स्पीकर म्हणाला, "पोराला विष पाजलं. पोर काय म्हणतं?"

तिनं पुन्हा बळीची ओळ टाकली. मोठ्यानं, भाता जोरात ओढून. रज्जाकभाई गोंधळून तिच्याकडे बघायला लागले. बोटं तबल्यावर तशीच थांबली. "शरूबेटा, हे काय? प्रल्हाद अर्ध्यात टाकून?"

आणि तेव्हा तिला कळलं. बेडगकर बुवांनी उभ्या आयुष्यात एक आख्यान अर्ध्यात सोडून दुसरं धरलं नव्हतं. उत्सवात वीज गेली, पाऊस आला, एकदा तर मंडपाचा खांब कलला, तरी धरलेलं आख्यान शेवटाला नेऊनच ते उतरले होते. ते शिस्तीनं वागले, मुलीलाही तीच शिस्त लावली, आणि 'वाचा' जे काही शिकला होता ते त्यांच्याच कीर्तनांवरून. देवाच्या पायाशी वाहिलेली ती शिस्त होती. तीच आता दाराला कडी घालून बसली होती. आणि कीर्तनाच्या घरात वाढूनही हे तिच्या मनात आलं नव्हतं.

"थांबा, डॉक्टर," ती म्हणाली, "दुसरा प्रश्न आज नको..."

"एकाच बैठकीत विचारावं लागतं, ताई. मी तुम्हाला सांगितलं होतं." डॉक्टर कॅमेऱ्याकडे वळल्या. "बुवा, तुमच्या मुलीचं म्हणणं आहे, हे बोलण्याचं यंत्र काढून टाकावं. आम्ही ते सावकाश, फिट न येता बंद करू शकतो. करू?"

निरंजन उठून पुढे धावला. आप्पांनी डोळे मिटले होते. इतके घट्ट मिटले होते, की कडांना सुरकुत्या पडल्या, आणि सगळा माणूस त्या दोन पापण्यांत गोळा झाल्यासारखा दिसला.

"नाही!" आवाज दुमदुमला. "जीभ छाटलीत तरी नाही! हे बोलणं थांबणार नाही!"

मागे नर्सांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी "जय हो" म्हणालं.

"नोंद करा," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या. मग शर्वाणीच्या खांद्यावर हात ठेवून, खरोखरीच्या मायेनं, "ऐकलंत ना? त्यांना जगायचंय हो. बोलायचंय."

शर्वाणी पेटीमागून उठली आणि आप्पांच्या पायाशी जमिनीवर बसली. निरंजन भिंतीला टेकून उभा होता. कॅमेरा बंद झाला होता, पण आवाज थांबला नव्हता. आख्यान शेवटाला न्यायचं होतं. राजा खांबाकडे बोट दाखवून गरजत होता, तुझा देव यात आहे का? रज्जाकभाईंना आता लय सापडली होती. मागच्या नर्सा सरकून पुढे आल्या, खाली बसल्या. डॉक्टरही बसल्या, लहानपणी बसत असतील तशा, मांडी घालून.

शर्वाणीनं आप्पांच्या डोळ्यांत बघितलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, "आप्पा, आहात ना आत?"

त्यांनी पापण्या मिटल्या.

आख्यानातला खांब कडाडून फुटला. तबला गडगडला, सभागृहात अंगावर काटा आला, कुणी हात जोडले, कुणी नामाचा गजर धरला. पापण्या पुन्हा उघडल्या. त्या गजरात आप्पा खुर्चीत होते तसेच बसून होते, आणि मुलीकडे बघत होते.